आई कामावर जाते तेव्हा



आई कामाला जाऊ लागली की मुलांची आबाळ होते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु आपल्या खेड्यांत कामावर न जाणारी आई असतेच कोठे? लावणी, खुरपणी, ऊसतोडणी ही तिची नोकरीच होय. फक्त तीत बाळंतपणाची रजा नाही.

पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९०च्या दशकात गर्भवती स्त्रियांची पाहणी झाली. ज्यांच्यावर शेतातील व घरातील श्रमांचा भार अधिक, त्यांच्या बाळांचे वजन, डोक्याचा व दंडाचा घेर कमी भरला, असे तीत आढळले. म्हणजे मुलाच्या वाढीचा हिशेब जन्मापूर्वीच सुरू होतो.

पुढे मात्र आईची मजुरी हीच मुलाच्या वाटीत दूध आणते, हे विसरून चालणार नाही. खरा प्रश्न दुपारचा आहे. वर्षाच्या मुलाचे पोट लहान. त्याला अंगावरील दुधाखेरीज दिवसातून तीनचार वेळा मऊ अन्न लागते. आई सकाळी जाऊन दिवेलागणीस परतली, तर मधल्या वेळी भरवायचे कोणी? पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे सहसा भरून येत नाही. पहिलीच्या वर्गात ते मूल आले की आपण म्हणतो, 'घराण्याचीच चण लहान!'

अंगणवाडीत बसते ते तीन वर्षांवरचे मूल. त्याहून लहानाचा शिधा घरी मिळतो, आणि शिजवून भरविणारी तर शेतावर! मग चौथीतील बहीण त्याला कडेवर घेते. तिची शाळा बुडते आणि शाळेतील दुपारचे जेवणही. शिक्षक असताना अशा एका मुलीस मी दारातून परत पाठविले होते, 'भावाला घरी ठेवून ये' म्हणून. त्या हंगामात ती पुन्हा आली नाही. दोघांना वर्गात बसू द्यायला हवे होते, हे मला फार उशिरा कळले.

कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांतील एका स्त्रीस ती सांभाळण्यास नेमावे, अशी तरतूद २००५च्या रोजगार हमी कायद्याने केली होती. खाजगी शेतावर असे कोण नेमणार? म्हणून लावणीपूर्वीच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आपण एवढेच विचारावे : कोणत्या वाडीत, कोणती आजी पाचसहा मुले सांभाळील, आणि तिच्या घरी दुपारचा मऊ भात कोण पोचवील?