ढेप, कोंडा आणि माशांची अंडी



फेब्रुवारी लागला की आपल्याकडे दोनच विषय असतात: कापसाची शेवटची वेचणी आणि उन्हाळ्यात तलाव किती खाली जाईल हा. मत्स्यबीजाची आठवण येते ती मृग लागल्यावर. पण रोहू-कटल्याच्या मादीच्या पोटात अंडी भरायला लागतात ती आताच्याच दिवसांत.

हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्यात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अशा माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. तेव्हापासून सगळे लक्ष इंजेक्शनवर. इंजेक्शनने तयार अंडी बाहेर पडतात, कच्ची अंडी त्याने भरत नाहीत. अंड्यातला बलक मादीच्या यकृतात, तिने खाल्लेल्या प्रथिनांपासून आणि स्निग्धांशापासून तयार होतो आणि रक्तातून अंडाशयात जातो. बाहेर आलेले पिल्लू पहिले तीनेक दिवस त्याच शिदोरीवर जगते. म्हणजे जुलैतले मत्स्यजिरे, म्हणजे ही नुकती जन्मलेली पिल्ले, तगणार की नाही, याचा बराचसा निकाल मार्च-एप्रिलमध्येच लागलेला असतो.

आता आपल्या सरकीच्या ढेपेबद्दल. कापसाचा जिल्हा, ढेप हाताशी, तेव्हा प्रजनक माशांनाही, म्हणजे बीजासाठी राखलेल्या नर-माद्यांनाही, तीच टाकायचा मोह होतो. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. चीनमध्ये कच्चे सरकीतेल खाणाऱ्या गावांत पुरुषांना मूल होईना, तेव्हा त्याच्या या परिणामाचा छडा लागला. पुढे १९७०च्या दशकात तिथे पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी म्हणून त्याच्या चाचण्याही झाल्या! गाई-म्हशींना ढेप चालते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हे द्रव्य बरेचसे निकामी होते. रोहू-कटल्याला तर जठरच नसते. मासा ते थोडेफार सोसतो, हे खरे. पण गॉसिपॉल लायसिनला धरून ठेवते आणि प्रथिने असूनही अंगी लागत नाहीत. म्हणून प्रजनक माशांना भुईमुगाची किंवा सोयाबीनची ढेप, भाताचा कोंडा, जोडीला थोडी मासळीची भुकटी आणि खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण द्या. ई जीवनसत्त्व विसरू नका. शंभर किलो माशांना रोज दोन-तीन किलो खाद्य पुरते. जास्त टाकाल तर पोटात चरबी साठेल, आणि फुगलेले पोट पाहून मादी तयार आहे असे वाटून फसाल.

कटल्याचे दुखणे वेगळे. तो वरच्या थरातले सूक्ष्म प्राणिप्लवंग खातो, ढेपेकडे फारसा वळत नाही. त्याच्यासाठी शेणखत घालून पाणी जिवंत ठेवावे लागते. नुसत्या कोंड्यावर ठेवलेला कटला इंजेक्शनला दाद देत नाही, मग दोष औषधाला दिला जातो.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने खास प्रजनकांसाठी ‘सिफाब्रूड’ हे खाद्य तयार केले आहे. ते दिल्यास मासे लवकर तयार होतात, पावसाळ्याआधीही बीज घेता येते. आपल्यासारख्या, शेततळी दिवाळीनंतर आटू लागणाऱ्या भागात महिनाभर आधी मिळालेले बीज मोलाचे आहे.

तेव्हा मच्छीमार संस्थांच्या सभासदांनो, शेततळेवाल्यांनो, यंदा बीज घ्यायला जाल तेव्हा भावाबरोबर एवढेही विचारा: प्रजनकांना उन्हाळ्यात काय खाऊ घातले होते?