घरची पवनचक्की : रेझिन कोणते घ्यावे?



घरी पवनचक्की बांधून दिव्यापुरती वीज करू म्हणणारे लोक पात्यांची चौकशी करतात, मनोऱ्याची करतात. रेझिनची चौकशी मात्र दुकानात गेल्यावरच, आणि दुकानदार काढून देईल तो डबा घरी येतो. म्हणून आज तेवढाच विषय घेऊ.

स्कॉटलंडमधल्या ह्यू पिगट यांची रचना जगभर हौशी लोक बांधतात. तिच्यात दोन लोखंडी तबकड्यांवर चुंबके बसवतात आणि मधल्या स्थिर तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. चुंबके आणि वेटोळी, दोन्ही रेझिन ओतून पक्की करायची. फिरत्या आणि स्थिर तबकडीतली फट जेमतेम एक-दोन मिलिमीटर. सगळी गोम इथेच आहे.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त. फायबरच्या वस्तू बनवणारे हेच वापरतात. पण ते हळूहळू पाणी शोषते. आपल्या इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. निओडिमियम चुंबकावर निकेलचा पातळ मुलामा असतो. तो कुठे खरवडला गेला आणि आत ओल शिरली की चुंबक गंजते, गंज फुगतो, रेझिन वर उचलले जाते आणि तबकडी वेटोळ्यांना घासू लागते. मग ऐन पावसाळ्यात चक्की बंद!

म्हणून चुंबकांच्या तबकडीसाठी व्हिनिल एस्टर घ्या. महाग पडते, पण पाण्याला चांगले टिकते. फेराइटची काळी चुंबके वापरणार असाल तर ती गंजत नाहीत, तिथे पॉलिएस्टर चालेल. मात्र फेराइटची ताकद कमी, म्हणून तबकडी मोठी नि जड होते.

इपॉक्सी धातूला उत्तम चिकटते. पण घरगुती दुरुस्तीचे साधे इपॉक्सी तापले की मऊ पडते, आणि जोराच्या वाऱ्यात वेटोळी चांगलीच तापतात. घ्यायचेच तर किती उष्णता सोसते ते विचारून घ्या. त्याचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणातच काट्यावर तोलून मिसळा. हार्डनर जास्त घातले म्हणजे लवकर वाळेल, हा हिशेब इथे चालत नाही.

आता नीट ऐका. पॉलिएस्टर किंवा व्हिनिल एस्टरबरोबर दुकानदार दोन बाटल्या देतो, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखे हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत कधीही ओतू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, मगच हार्डनर. कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन मिळाले तर तेच बरे. हार्डनर शंभर भागांना एक ते दोन भाग. उन्हाळ्यात एकच पुरे. डोळ्यांना चष्मा हवाच. थेंब डोळ्यात गेला तर लगेच पंधरा मिनिटे पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टरांकडे जा. डोळा जाऊ शकतो. वास उग्र असतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि जवळ विडी नको.

मिश्रणात शेवटी शंखजिऱ्याची पूड घाला, रेझिनच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत. रेझिन कमी तापते, वाचतेही. साच्याला आतून मेण चोळायला विसरू नका, नाहीतर तबकडी साच्यासकट फोडावी लागेल. उरलेले मिश्रण डब्यात जाड थराने ठेवू नका. ते तापून धुमसते. पत्र्यावर पातळ पसरून टाका.