वाळूची पेटी

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख ‘पुण्यातले नामवंत अभियंते’ अशी करून दिली. नामवंत वगैरे काही नाही. छत्तीस वर्षं पंप बनवले, विकले, बंद पडले की दुरुस्त केले आणि निवृत्त झालो. पण आज पंपांबद्दल बोलणार नाही. गेल्या पावसाळ्यात मी एक वाफेचं इंजिन बांधलं, त्याची हकिगत सांगणार आहे. बांधलं म्हणजे संगणकावर, नातवाच्या खेळात. आत्ताच हसू नका. हसण्याचाच विषय पुढे यायचा आहे.

माझा नातू सातवीत आहे. त्याच्याकडे ‘मिडीव्हल इंजिनिअर्स’ नावाचा खेळ आहे. प्राग शहरातल्या कीन सॉफ्टवेअर हाऊस या कंपनीनं तो २०१५ साली बाजारात आणला. त्यात युरोपातलं मध्ययुग आहे. लाकूड, दगड, दोर आणि चाकं घ्या, किल्ला बांधा, दगड फेकायची यंत्रं बांधा आणि दुसऱ्याचा किल्ला पाडा. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. आधार नीट दिला नाही तर बांधलेलं खरंच कोसळतं, संगणक दयामाया करत नाही. अमुक इतके गुण मिळवा, अमुक टप्पा गाठा, असं काही नाही. सुचेल ते बांधत बसायचं. अशा खेळांना ‘सँडबॉक्स’ म्हणतात. लहान मुलांना खेळायला वाळू भरून ठेवलेली पेटी असते, तिच्यावरून. हा शब्द जरा लक्षात ठेवा.

नातवाला डोंगरावर किल्ला बांधायचा होता आणि दगडाची खाण होती पायथ्याशी. हातगाडीनं दगड वाहून तो कंटाळला. मी म्हटलं, मालगाडी करू. मूळ खेळात वाफेचं इंजिन नाही, मध्ययुगात ते कुठून असणार? पण हौशी खेळाडू खेळाला आपापल्या जोडण्या तयार करतात, त्यांना मॉड म्हणतात. नातवानं रुळांची आणि बॉयलरची अशी जोडणी कुठून तरी उतरवून घेतली. बाकी सांगाडा, चाकं, डबे सगळं आम्ही करायचं. रुळांबद्दल मात्र मला अपराधी वाटलं नाही. अग्रिकोलाच्या १५५६ सालच्या खाणकामावरच्या ग्रंथात फळ्यांवरून चालणाऱ्या खाणगाड्या आहेत, फळ्यांमधल्या फटीत खुंटी अडकवून वाट न सोडणाऱ्या. रूळ वाफेपेक्षा बरेच जुने आहेत.

आता मी भुसावळचा पोरगा. इंजिन कसं दिसतं हे मला कोणी सांगायला नको. आपण शाळेत होतो तेव्हा इगतपुरीकडे विजेच्या तारा आल्या होत्या, पण नागपूरच्या आणि खंडव्याच्या बाजूला कोळसाच होता. दोरीवरच्या गणवेशाचा पांढरा शर्ट संध्याकाळी कुठल्या रंगाचा असायचा, ते आपल्या आयांना विचारा. मी आठवणीतलं सर्वांत देखणं इंजिन बांधलं. लांबलचक बॉयलर, पुढे गोल नाक, आणि माणसाएवढी उंच चाकं, तीन जोड्या. मागे दगडांनी भरलेले बारा डबे. नातवाला म्हटलं, उघड रेग्युलेटर.

चाकं गरागरा फिरली. गाडी जागची हलली नाही.

मी बॉयलर मोठा केला. चाकं आणखी जोरात फिरली. अजून मोठा केला. असे तीन दिवस गेले. पंपवाल्याला दुसरं काय सुचणार? पाणी चढत नाही, दाब वाढवा. नातू खुर्चीतून लोळून हसत होता. चौथ्या दिवशी मी त्या तमाशाचा व्हिडिओ आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तुम्ही सगळ्यांनी अंगठे पाठवलेत, दोघांनी फुलं पाठवलीत, एकीनं ‘सुप्रभात’ पाठवलं. रात्री एकाचा आवाजी संदेश आला. ग्रुपवर तो कधी बोलत नाही. त्यानं मला बजावलंय, ‘नाव घेतलंस तर उठून जाईन.’ म्हणून नाव घेत नाही. तो तिकडे शेवटच्या रांगेत खांबाजवळ बसलाय. वर्गातही खांबाजवळच बसायचा.

संदेश एवढाच होता: “भो, चाकं मेलची अन् काम मालगाडीचं. बॉयलर कायले वाढवतो? डब्ल्यूपी अन् डब्ल्यूजीचा बॉयलर एकच राहे.”

मी मेकॅनिकलचा पदवीधर, आणि हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आकडे काढून बसलो. डब्ल्यूपी म्हणजे आपली मेल-एक्स्प्रेसची, बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची. डब्ल्यूजी मालगाडीची. चित्तरंजनचं १९५० सालचं पहिलं इंजिन ‘देशबंधू’ डब्ल्यूजीच होतं आणि १९७० मधलं तिथलं ब्रॉडगेजचं वाफेचं शेवटचं, ‘अंतिम सितारा’, तेही डब्ल्यूजीच. दोघींचा बॉयलर सारखा, वाफेचा दाब सारखा, चौरस इंचाला २१० पौंड. पण डब्ल्यूपीची ओढणारी चाकं तीन जोड्या, ५ फूट ७ इंच व्यासाची. डब्ल्यूजीची चार जोड्या, ५ फूट दीड इंचाची, आणि सिलिंडर थोडे मोठे. एवढ्या फरकानं ओढ जवळपास चौदा टनांवरून साडेसतरा टनांवर जाते. वाफ तेवढीच. एक पळते, एक ओढते.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पकड. कोरड्या रुळावर लोखंडी चाक आपल्यावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकीच ओढ सहन करतं. त्यापुढे ते घसरतं, मग बॉयलर कितीही मोठा असो. डब्ल्यूजीच्या ओढणाऱ्या प्रत्येक आसावर सुमारे साडेअठरा टन भार. चार आसांचे चौऱ्याहत्तर, त्याचा चौथा हिस्सा साडेअठरा. ओढ साडेसतरा! जेमतेम माप बेतलंय, शिंप्यानं बेतावं तसं. मालगाडीचं इंजिन अवजड दिसतं ते उगाच नाही. वजन हेच त्याचं काम आहे.

मग रोज संध्याकाळी साडेसात वाजता भुसावळहून व्हिडिओ कॉल सुरू झाला. त्यानं आधी मला इंजिन बांधूच दिलं नाही. म्हणाला, नुसती चार चाकांची गाडी कर, तिच्यावर दगड ठेव, काढ, अन् चाक कधी घसरते ते पाहा. नंतर वाचताना कळलं की १८१२-१३ च्या सुमारास इंग्लंडात वायलमच्या कोळसा खाणीवर विल्यम हेडलीनं नेमकं हेच केलं होतं. गाडीवर माणसं उभी करून त्यांना दांडे फिरवायला लावले, वजन कमी-जास्त केलं आणि मगच ‘पफिंग बिली’ हे इंजिन तयार केलं. तेव्हा गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर भारी ओझं ओढेल यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. लीड्सजवळ मिडलटनला तर १८१२ मध्ये दातेरी रूळच टाकला होता. आमच्या मित्रानं हेडलीचं नावही ऐकलेलं नव्हतं.

नवं इंजिन झालं. बुटकं, आठ लहान चाकांचं, सगळी एकमेकांना जोडलेली, आणि चाकांच्या वर दगड रचलेले. नातू म्हणाला, म्हशीसारखं दिसतंय. पण पहिल्याच झटक्यात बारा डबे हलले. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर ते धडधडत ओढ्यावरच्या लाकडी पुलावर गेलं आणि पुलासकट खाली. फोनवर मागून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं. रिचर्ड ट्रेव्हिथिकचं १८०४ मध्ये वेल्समध्ये असंच झालं होतं. पेनिडॅरनच्या लोखंडाच्या कारखान्यातून त्याच्या इंजिनानं दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं नऊ मैलांवर ओढून नेली, पण इंजिनाच्या वजनानं बिडाचे रूळ तुटत राहिले. पकडीला वजन हवं आणि वाटेला ते सोसत नाही. आम्ही पुलाला दगडी खांब दिले, जवळजवळ. त्यात एक अख्खा रविवार गेला. सूनबाईंचा चेहरा मी इथं वर्णन करत नाही.

शेवटी चढ. किल्ल्याची वाट मी कसारा घाटाच्या मापाची केली होती, सदतीसला एक. हौस माझी. सदतीस टन वर न्यायचे तर नुसत्या चढापोटी एक टन जास्तीची ओढ लागते. निम्म्या वाटेवर इंजिन पुन्हा घसरायला लागलं. मी फोनकडे पाहिलं. तो म्हणाला, “वाळू टाक.”

नातू म्हणाला, “आजोबा, या खेळात रुळावर वाळू नाही टाकता येत.”

“मंग त्याले सँडबॉक्स कायले म्हणता? सँडबॉक्स तं इंजिनले राहे.”

नातू हसला. मला हसू आलं नाही, कारण मला नववी ब चा वर्ग आठवला.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. विज्ञानाचा तास. सरांनी विचारलं, इंजिन एवढी गाडी कशामुळे ओढतं? पुढच्या बाकावरून माझा हात वर होताच. मी म्हणालो, वाफेच्या प्रसरणामुळे. सर म्हणाले, शाबास. मागून, कोणी विचारलेलं नसताना, हा म्हणाला, “वाळूमुळे, सर.” अख्खा वर्ग हसला. सर्वांत मोठ्यानं मी हसलो, आणि मधल्या सुट्टीत त्याला ‘वाळ्या’ हे नाव मी ठेवलं. ते दोन वर्षं टिकलं. दहावीनंतर तो पुढे शिकला नाही. त्याचं कारण घरची परिस्थिती होती, माझं नाव ठेवणं नव्हे, असं तो म्हणतो. मी त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करतो.

त्या रात्री नातू झोपल्यावर मी त्याला फोन केला आणि विचारलं, तुला तेव्हा कसं माहीत होतं? तो म्हणाला, “बाप शेडमधी खलाशी होता. वाळू भाजे.” ओली वाळू नळीत अडकते. म्हणून ती भट्टीवर कोरडी करायची, चाळायची आणि इंजिनांच्या पेट्यांत भरायची. पावसात रूळ ओला, तेलकट झाला की पकड निम्म्याच्याही खाली येते. ड्रायव्हर दांडा ओढतो, चाकाच्या पुढ्यात नळीतून वाळू पडते, आणि मग गाडी निघते. तो लहानपणी बापाचा डबा घेऊन जायचा, म्हणून त्यानं पाहिलं होतं. पुढे तोही शेडमध्येच लागला, फिटर म्हणून निवृत्त झाला. आता आपल्या यार्डातून विजेची इंजिनं जातात. ‘त्यांनाही वाळूच्या पेट्या असतात,’ तो म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी पुणे स्टेशनवर जाऊन मुद्दाम वाकून पाहिलं. असतात.

सरांना गेल्या आठवड्यात फोन केला होता, हा प्रसंग सांगू का म्हणून विचारायला. सर इथं समोर बसलेत. ते म्हणाले, “सांग. मी त्याला ‘बस खाली’ म्हणालो होतो. त्याचं उत्तर बरोबर आहे का, हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.”

तर मित्रा, त्या दिवशी वर्गात माझं उत्तर अर्धं होतं आणि तुझं नेमकं होतं. ते नाव मी ठेवलं होतं. ज्या वर्गात ठेवलं त्या वर्गासमोर ते परत घेतो. फोनवर मी हे म्हणालो तेव्हा तू ‘जाऊ दे भो’ म्हणालास. पण फोनवर चाळीस जणं ऐकत नव्हती.

चढाचं काय झालं ते राहिलंच. वाळू नाही, म्हणून त्यानं सांगितलं तसं केलं. कसाऱ्याला लावतात तसं मागून दुसरं इंजिन, बँकर लावलं. बारा डबे दगड किल्ल्यावर पोचले. लॅपटॉप मी आणलाय, शेजारच्या वर्गात ठेवलाय. जेवण झालं की गाडी सुटेल. मागचं इंजिन नातू चालवणार आहे. पुढच्याचा रेग्युलेटर कोणाकडे, ते ठरलंय. त्यानं फक्त त्या खांबामागून बाहेर यायचं आहे.