मुलांसंगे पाखरं पाहताना

पुण्याहून निघून पाषाण मागे टाकलं आणि खिंड ओलांडली, की मुळशी तालुक्यातलं सूस गाव लागतं. २०२१ साली ते पुणे महापालिकेत गेलं. आता एका अंगाला उंच इमारती, तर दुसऱ्या अंगाला टेकडीचा माळ, बांधावरची बाभळ, एखादा गोठा. इमारतीतल्या चार-पाच वर्षांच्या पोराला चित्रातला पेंग्विन बरोबर ओळखता येतो. पण खिडकीच्या कठड्यावर घुमणारा होला त्याच्या लेखी नुसता 'पक्षी' असतो. गावठाणातल्या आजीला होला, साळुंकी, टिटवी, पावशा सारे ठाऊक असतात, पण तिला कुणी विचारीत नाही. या दोघांची गाठ कशी घालावी, याविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे.

"आम्हांलाच नावं येत नाहीत, मुलांना काय दाखवणार?" असं आईबाप म्हणतात, कधी गुरुजीही म्हणतात. पक्षितज्ज्ञ सालिम अलींची गोष्ट अशा वेळी आठवावी. १८९६ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईबाप लहानपणीच गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी ते वाढले. खेळातल्या बंदुकीनं त्यांनी एकदा एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. पण त्यांनी पोराला हुसकावून लावलं नाही. मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेत मिलार्डसाहेबांकडे चिमणीसह धाडलं. तिथं तिचं नाव कळलं आणि मुलाच्या आयुष्याला वळण लागलं. मामांजवळ उत्तर नव्हतं, तरी पोराचा प्रश्न त्यांनी वाऱ्यावर सोडला नाही.

तेव्हा नावाची घाई नको. सुरुवात अंगणातून करावी. चिमणी आणि साळुंकी दाणे टिपत असल्या, तर मुलाला एवढंच विचारावं, "चालतंय कोण आणि उड्या मारतंय कोण?" चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते, साळुंकी पाटलिणीसारखी एकेक पाऊल टाकीत चालते. हे मुलानं स्वतः पाहिलं, की तो जन्मात विसरत नाही. मग चिमण्यांतला नर शोधायला लावावा. त्याच्या गळ्याखाली काळं असतं, मादी साधी मातकट. दुसऱ्या दिवशी गाईमागे फिरणारा बगळा. तो गाईच्या मागेच का? गाय चालली की गवतातले किडे उडतात, आणि बगळ्याला न्याहारी मिळते. पोरं हे ताडतात, आपण जरा गप्प राहायला हवं, बरं का!

टेकडीवर न्यायचं तर सकाळी ऊन चढण्याआधी. भडक कपडे नकोत. दुर्बीण नसली तरी अडत नाही. लहान मुलाला ती डोळ्याला नीट लावताच येत नाही. तारेवरचा वेडा राघू उघड्या डोळ्यांनी दिसतो: झेपावतो, हवेतच माशी धरतो, पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. पुढं काय करणार, हे मुलाला आधी सांगायला लावा आणि पाहा त्याचा चेहरा! पाऊस जवळ आला की पावशा ओरडू लागतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' हे शेतकऱ्यानं त्याच्या तोंडी घातलेले शब्द आजोबांनीच नातवाला सांगावेत. मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावणं मात्र टाळावं. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं, आपल्या जागेत परका शिरला.

टिटवीबद्दल थोडं अधिक सांगतो. आभाळ पडेल म्हणून ती पाय वर करून निजते, असं जुनी माणसं हसत सांगतात. तिचं घरटं म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा, भोवती खडे. उन्हाळ्यात त्यात बहुधा चार अंडी असतात, खड्यांच्याच रंगाची. सूससारख्या गावी आज माळावर मुरूम पडतो आणि प्लॉट पडतात, म्हणजे नेमकी तिचीच जागा जाते. माळाला वणवा लागला, तर अंडी तिथंच करपतात. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरू लागली, तर मुलाला सांगावं, "घरटं जवळ आहे, पायाखाली बघ आणि मागं फीर." अंड्यांना हात लावायचा नाही, तिथं घुटमळायचंही नाही, कावळ्याचं आपल्यावर लक्ष असतं. हे शिकलेलं पोर पुढं बेचकी हाती धरील, असं मला वाटत नाही.

शिक्षकांनी ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षीसप्ताह जरूर साधावा. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सालिम अलींच्या. त्या सुमारास धोबी आलेला असतो, शेपटी वरखाली हलवीत ओल्या जमिनीवर धावतो. मुलांनी वहीत तारीख, जागा आणि पाखरू काय करीत होतं एवढं लिहावं. नाव घरी आजीला विचारून भरावं. या वहीला गुण देऊ नयेत. दिले की मुलं न पाहिलेली पाखरं लिहू लागतात! संक्रांतीनंतर झाडांना अडकलेला मांजा पोरांकडून गोळा करवावा, मोठ्या माणसानं बरोबर राहून.

पहिल्या खेपेस अर्धा तास पुरे. खिशात गूळ-शेंगदाणे असू द्या, आणि पोर खडे गोळा करायला बसलं, तर बसू द्या. तेवढ्यात तुम्ही पाखरं पाहा.