वकिलांच्या पेढ्या आणि दूरचीं दप्तरें

वकिलांची पेढी म्हटली कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें न्यायालयाच्या आसपासची एखादी भव्य कचेरी, काळे झगे आणि कायद्याच्या ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें उभीं राहतात. परंतु पेढीचा संसार एवढ्यावर चालत नाहीं. बिलें करणें, हिशेब ठेवणें, नोकरवर्गाची नेमणूक व पगार पाहणें, दस्तऐवज तपासून लावणें, संगणक चालते ठेवणें, हीं सारीं कामें पडद्यामागें अहोरात्र चाललेलीं असतात. पूर्वीं हीं कामें वकिलांच्या शेजारच्याच खोलींत होत. लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को अशा नगरांत जागेचें भाडें आणि माणसांचे पगार भरमसाट वाढले, तारायंत्राच्या पणत्वांनीं अंतर नाहींसें केलें, आणि तेव्हां प्रश्न उभा राहिला: पक्षकाराला जें काम डोळ्यांनीं दिसत नाहीं, तें एवढ्या महाग जागीं करावेंच कशाला?

या प्रश्नाचें एक ठळक उत्तर अमेरिकेंतील ऑरिक या पेढीनें दिलें. पेढी सॅन फ्रान्सिस्कोची. पण २००२ मध्यें तिनें आपलें मध्यवर्ती दप्तर वेस्ट व्हर्जिनियांतील व्हीलिंग या गांवीं हलविलें. ओहायो नदीच्या कांठचें हें गांव एके काळीं लोखंडी खिळ्यांसाठीं प्रसिद्ध होतें. १९३० मध्यें तेथील वस्ती सुमारें ६१ हजार होती. कारखाने मंदावत गेले आणि २००० मध्यें ती ३१ हजारांवर आली. रिकाम्या पडलेल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतींत पेढीचें दप्तर थाटलें गेलें.

हेंच गांव कां? स्वस्ताई हें एक कारण खरें. परंतु नुसती स्वस्ताई रानावनांतहि मिळते. पिट्सबर्गसारखें मोठें शहर सुमारें ६० मैलांवर, आसपास महाविद्यालयें, आणि कामाची शिस्त अंगीं बाणलेला, पण काम हरवलेला समाज, या गोष्टी तेथें एकत्र होत्या. शिवाय व्हीलिंगचें घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन तास पुढें; तिकडचा वकील सकाळीं कचेरींत पाऊल टाकतो तेव्हां इकडचा अर्धा दिवस पार पडलेला असतो. सर्वांत मोलाची गोष्ट ही कीं, लहान गांवांत मिळालेली चांगली नोकरी माणूस सहसा सोडीत नाहीं. कारकून वरचेवर बदलत राहिले, तर शिकविण्याच्या खर्चांतच सारी बचत वाहून जाते.

ओहायो प्रांतांतील डेटन शहराची कथा याच जातीची आहे. २००९ मध्यें गल्ल्यांचीं यंत्रें करणाऱ्या तेथील जुन्या नामांकित कंपनीनें आपलें मुख्य ठाणें जॉर्जियांत नेण्याचें जाहीर केलें. पुढच्याच वर्षीं विल्मरहेल ही पेढी आपलें साहाय्यक दप्तर घेऊन तेथें आली.

इंग्लंडांतील पेढ्यांनीं समुद्र ओलांडून बेलफास्टची निवड केली. तागाचें कापड आणि जहाजें यांवर पोसलेलें तें शहर दीर्घकाळ यादवीनें होरपळलें होतें. १९९८ च्या करारानंतर तेथें स्थिरता आली आणि २०११ मध्यें ॲलन अँड ओव्हरी व हर्बर्ट स्मिथ या लंडनच्या दोन मोठ्या पेढ्यांनीं तेथें कचेऱ्या उघडल्या. शहरांत दोन विद्यापीठें, त्यांतून दरवर्षीं बाहेर पडणारे कायद्याचे पदवीधर, लंडनचेंच घड्याळ आणि विमानानें थोडक्या वेळाचा प्रवास. उद्योग आणण्यासाठीं नेमलेल्या तेथील सरकारी संस्थेनें पैशाचें साहाय्यहि दिलें.

याउलट बेकर मॅकेन्झीनें २००० मध्यें मनिला गांठलें. तेथें इंग्रजी जाणणारा सुशिक्षित वर्ग मोठा, आणि घड्याळ उलटें. पश्चिमेकडे रात्र असतांना पूर्वेकडे काम होतें व सकाळीं तें तयार मिळतें. याच विचारानें २००७ मध्यें क्लिफर्ड चान्सनें दिल्लीजवळ गुडगांवीं कचेरी काढली. मुंबईंतहि २००४ पासून पँजिया थ्री या कंपनीनें परदेशी पक्षकारांचे दस्तऐवज तपासण्याचें काम चालविलें. भारतांत इंग्रजी कायद्याची परंपरा असल्यानें येथील पदवीधरांना तें काम परकें वाटलें नाहीं. परदेशी पेढ्यांना या देशांत वकिली करतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें ठरविलें. परंतु कारकुनी स्वरूपाच्या साहाय्यक सेवा, त्या मूलतः वकिली नसतील तर, त्या बंदींत येत नाहींत, असाहि खुलासा केला. म्हणजे जागा निवडतांना भाडें जसें पाहावें लागतें, तशीच कायद्याची रेषाहि.

पेढीच्या हिशेबाला एक दुसरी बाजू आहे. दप्तर हलतें तेव्हां महानगरांतील अनेक जुन्या कारकुनांचा चरितार्थ हलतो; दहा-वीस वर्षांची ओळख असलेला मदतनीस जातो आणि वकिलाला तारेच्या टोकाला नवा आवाज ऐकूं येतो. पक्षकाराचें गुपित अनेक हातांतून जातें. त्याची राखण पहिल्यापेक्षां कडक करावी लागते.

आणि ज्या गांवानें सवलती देऊन पेढीला बोलाविलें, त्यानें आपलें भवितव्य परक्याच्या भरभराटीशीं बांधलेलें असतें. बिंगहॅम मॅककचेन या पेढीनें केंटकींतील लेक्सिंग्टनची निवड २०१२ मध्यें केली. २०१४ च्या अखेरीस ती पेढीच मोडली. त्यांत आतां दस्तऐवज वाचणाऱ्या यंत्रांची भर पडली आहे. जें काम स्वस्त म्हणून दूर गेलें, तेंच यंत्राच्या हातीं प्रथम जाण्याचा संभव अधिक.

म्हणून सुज्ञ नगरपित्यानें केवळ स्वस्त जागेची जाहिरात करूं नये. आज स्वस्त असलेल्या गांवापेक्षां उद्यां दुसरें गांव स्वस्त निघतें. महाविद्यालयें, राहण्याजोगीं घरें आणि कामांत वरची पायरी चढण्याची संधी, हीं ज्या गांवीं आहेत तेथें कारकुनाचा तज्ज्ञ होतो. एक पेढी उठून गेली, तरी त्याची विद्या गांवांतच राहते आणि दुसऱ्या पेढीला तीच बोलावून आणते.