वेचणाऱ्याचा हक्क आणि मालकाचा कायदा

गोंदिया हे नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले, असे या भागात सांगितले जाते. भोवतालच्या अरण्यातून गोंड लोक डिंक आणि लाख गोळा करून येथे विकावयास आणीत, म्हणून या गावाला हे नाव मिळाले म्हणतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिच्यात एक आर्थिक सत्य आहे. हे शहर रानातून वेचून आणलेल्या मालावर उभे राहिले. १८८०च्या दशकात येथे रेल्वे आली, पुढे विडीचे कारखाने आले, पेढ्या आल्या. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हाही झाला. मात्र ज्यांनी रानातून माल वेचून आणला, त्यांची घरे देवरी, सालेकसा आणि अर्जुनी मोरगावच्या टोल्यांत जवळजवळ होती तशीच राहिली. असे का झाले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

त्यासाठी प्रथम एका खेळाकडे वळावे लागेल. आजची शाळकरी मुले मोबाइलवर आणि संगणकावर ‘माइनक्राफ्ट’ नावाचा खेळ खेळतात. स्वीडनमध्ये तो २००९ साली प्रथम लोकांपुढे आला. त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. या खेळात कोणी कथा सांगत नाही. खेळाडू रिकाम्या हाताने एका अफाट मुलुखात उभा राहतो. तो झाड तोडतो, लाकडाची कुदळ करतो, त्या कुदळीने दगड फोडतो, दगडाच्या कुदळीने लोखंड खणतो, आणि लोखंडाच्या कुदळीने अखेर हिऱ्यापर्यंत पोहोचतो. जे सापडले त्याची हत्यारे करावयाची आणि त्या हत्यारांनी आणखी शोधावयाचे, असा हा क्रम आहे.

मुले यात रमतात याचे नवल वाटू नये. श्रम आणि फळ यांच्यामध्ये तेथे कोणीही उभा नाही. जो खणेल त्याचे लोखंड, जो तोडेल त्याचे लाकूड. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६८९ साली मालमत्तेची जी उपपत्ती मांडली, ती नेमकी हीच होती. निसर्गातील वस्तूत माणसाने आपले श्रम मिसळले की ती त्याची होते. गेली तीन शतके मालकवर्ग आपल्या मालकीचे समर्थन याच तत्त्वाने करीत आला आहे. परंतु हे तत्त्व ज्यांना अक्षरशः लागू पडावे, त्या वेचणाऱ्यांनाच ते कधी लागू झाले नाही.

गोंदियाच्या रानातील तेंदूपानाचे उदाहरण घ्या. उन्हाळ्याच्या तोंडी तेंदूची झुडपे छाटली जातात, म्हणजे नवी कोवळी, मोठी पाने फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच्या अंधारात बायामाणसे, अनेकदा मुलेबाळेही, रानात शिरतात. दुपारपर्यंत तोडलेली पाने घरी आणून, सारी मिळून ती मोजतात, जुळवतात आणि त्यांचे पुडे बांधतात. संध्याकाळी हे पुडे फळीवर मोजून दिले जातात, वाळविले जातात आणि गोण्यांत भरले जातात. पाने तोडण्याजोगी असतात ते दिवस थोडे. एखादा अवकाळी पाऊस आला की वाळत घातलेला माल डागाळतो. रानात अस्वल असते, वाघ असतो. नागझिरा आणि नवेगावच्या जंगलांचा २०१३ साली व्याघ्रप्रकल्प झाला आहे. खेळातला खेळाडू मेला तर पुन्हा जन्म घेऊन खेळू लागतो. पाने तोडावयास गेलेल्या बाईला ती सवलत नाही.

इतके श्रम मिसळूनही पान तिचे होत नव्हते. इंग्रजांच्या १८७८ आणि १९२७च्या वनकायद्यांनी राखीव रान सरकारच्या मालकीचे ठरविले आणि वेचणारा हा गुन्हेगार तरी ठरला, नाही तर मजूर तरी. स्वराज्यानंतरही चौकट तीच राहिली. १९६९च्या महाराष्ट्र वनोपज व्यापार विनियमन कायद्याने तेंदूपानाचा व्यापार राज्याच्या नियंत्रणाखाली आला. त्यामागे खाजगी व्यापाऱ्यांच्या लुटीला आळा घालण्याचा हेतू होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु व्यवहारात रानाचे घटक पाडून त्यांचा लिलाव झाला, ठेकेदाराने सरकारला स्वामित्वशुल्क भरले आणि वेचणाऱ्याच्या हाती पडली ती शेकड्याच्या हिशेबाने मजुरी. येथे मजुरी आणि किंमत यांतील भेद ध्यानी घ्यावा. मालाची किंमत मालकाला मिळते. मजुराला मिळते ते केवळ श्रमाचे भाडे. बाजारात पान महागले तर त्या वाढीवर भाड्याने राबणाऱ्याचा हक्क पोहोचत नाही.

हा प्रश्न गोंदियापुरता नाही. जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांतात रानात पडलेल्या काटक्या गोळा करणे ही चोरी ठरविणाऱ्या कायद्याची चर्चा झाली, तिच्यावर तरुण कार्ल मार्क्सने १८४२ साली वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. आर्थिक प्रश्नांकडे त्याचे लक्ष वळले ते या काटक्यांमुळे. आपल्याकडे १९३० साली पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. काडी आणि गवत या वस्तू क्षुल्लक खऱ्या. परंतु त्या कोणाच्या, हे ठरविण्याचा अधिकार क्षुल्लक नव्हता, हे दोघांनीही ओळखले होते.

त्या अधिकारात मोठा बदल घडला तो आपल्या काळात. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी देण्याचे तत्त्व मान्य केले. २००६च्या वनहक्क कायद्याने हा हक्क सर्व वननिवासी समाजांपर्यंत नेला. तेंदू, मोह, लाख, मध यांबरोबर बांबूही गौण वनोपजात गणला गेला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकण्यास प्रारंभ केला. त्याच वाटेने गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांतील ग्रामसभा तेंदूपानाच्या व्यापारात उतरल्या. ठेकेदाराने निविदा भरावी आणि ती ग्रामसभेने उघडावी, हे दृश्य या भागाने प्रथमच पाहिले. मजुरी घेणारे हात किमतीची बोलणी करू लागले. स्वामित्वशुल्काची जी रक्कम पूर्वी सरकारी तिजोरीत जात होती, ती गावाच्या खात्यात येऊ लागली. भारतीय लोकशाहीच्या खऱ्या कमाईत या घटनेची गणना झाली पाहिजे.

तथापि हक्क कागदावर आला म्हणजे शोषण संपले, अशा भ्रमात समाजवाद्याने राहू नये. तेंदूपान हा नाशवंत माल आहे. पावसाळ्यापूर्वी ते हलवावे लागते. ग्रामसभेजवळ गोदाम नाही, खेळते भांडवल नाही, आणि मजुरी तर रोजच्या रोज चुकवावी लागते. खरेदीदार मोजके असतात, ते एकमेकांस ओळखतात. ज्याला थांबता येत नाही त्याला भाव ठरविता येत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे. त्यात २०१७ साली तेंदूपानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. २०२५ साली तो ५ टक्क्यांवर उतरला खरा, परंतु मधल्या आठ वर्षांत बोलणी करताना ग्रामसभेच्या पारड्यात हे ओझे होतेच.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. तेंदूपान जाते विडीत, आणि विडी माणसाचे आयुष्य कमी करते. विडीचे दिवस भरत आले आहेत आणि ते भरावेत हेच इष्ट होय. मग पान तोडणाऱ्यांनी आणि छाट विड्यांची कपात सोसत घरोघर विड्या वळणाऱ्या बायांनी जावे कोठे? याचे एक उत्तर केरळात सापडते. विडी कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्याची अंमलबजावणी टाळण्यासाठी मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा कण्णूरच्या कामगारांनी १९६९ साली ‘दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था उभारली. पुढे विडीचा खप घटू लागला, तेव्हा त्याच संस्थेने खाद्यपदार्थ आणि छत्र्यांचे उत्पादन हाती घेतले. संस्था कामगारांची असल्यामुळे धंदा बदलताना कामगार रस्त्यावर फेकला गेला नाही. गोंदियाच्या ग्रामसभांनाही लाखेवर प्रक्रिया, मोहफुलाचे खाद्यपदार्थ आणि बांबूच्या वस्तू यांकडे वळावे लागेल, आणि तेही हाती तेंदूचा पैसा येत आहे तोवर.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. हंगामापूर्वी ग्रामसभांना अल्प व्याजाचे कर्ज मिळाले पाहिजे. तालुकानिहाय गोदामे बांधून ती ग्रामसभांच्या महासंघांच्या ताब्यात दिली पाहिजेत. निविदा एकेका गावाने न काढता अनेक गावांनी मिळून काढली पाहिजे. हिशेब ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे, आणि तो तपासणाऱ्या समितीत पाने तोडणाऱ्या बायांना निम्म्याहून कमी जागा असता कामा नयेत. ठेकेदाराऐवजी गावातला एखादा पुढारी बसला, तर बदलेल ते केवळ नाव.

त्या खेळाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या मुलुखात जो खणेल त्याचे लोखंड होते, तो मुलूख २०१४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने अडीचशे कोटी डॉलरना विकत घेतला. कोट्यवधी मुलांनी खणलेल्या खाणी, बांधलेले वाडे आणि किल्ले ज्या नियमांवर उभे आहेत, त्या नियमांची मालकी एका खरेदीखताने बदलली आणि ती देताना एकाही मुलाला कोणी विचारले नाही. रानाचेही असेच आहे. पाने कोण तोडतो यावरून रान कोणाचे हे ठरत नाही. ते ठरते नियम कोण करतो यावरून. वनहक्क कायद्याने नियम करणाऱ्यांच्या पंगतीत ग्रामसभेला पाट मांडून दिला आहे. त्या पाटावर बसणे आणि तेथून न उठणे, हे काम आता गोंदियाच्या वेचणाऱ्यांचे आणि त्यांच्या बरोबरीने उभे राहणाऱ्या चळवळीचे आहे.