काळे टोमॅटो, माझी टिकली आणि परत केलेले पैसे

कानात इअरफोन घालून रोपांना पाणी घालत असाल तर उत्तमच, कारण आज बोलणार आहे काळ्या टोमॅटोबद्दल. रील्समध्ये बघितलेच असतील तुम्ही, वांग्यासारखे चकचकीत जांभळे-काळे. मी ते घरी लावले, सुलतानपूरला, आमच्या परसात. आणि त्यात एक मोठी चूकही केली. ती सांगणारच आहे, पण आधी टोमॅटो.

बियांचं पाकीट ऑनलाइन मागवलं होतं. दहा बिया, वर नुसतं ‘ब्लॅक’ असं छापलेलं. जात कोणती, हायब्रिड की देशी, काही पत्ता नाही. मी सप्टेंबरच्या सुरुवातीला कोकोपीटच्या ट्रेमध्ये टाकल्या, अर्धा-एक सेंटिमीटर खोल. आठवड्यात सहा उगवल्या. त्यातली दोन रोपं मानेत बारीक होऊन कोलमडली, कारण मी प्रेमाने रोज भरपूर पाणी घालत होते. कोवळ्या रोपाला पाण्याची हौस पुरवायची नसते, हे तेव्हा कळलं. वरचा थर सुकल्यावरच पाणी.

उरलेल्या चार रोपांवर मच्छरदाणीचं जुनं कापड टाकलं. हे नक्की करा. पांढरी माशी लहानपणीच चावली की पानं चुरडतात, मग ते झाड वाढत नाही आणि त्यावर औषधही नाही, उपटून टाकावं लागतं. पंचवीस-तीस दिवसांनी, चार-पाच खरी पानं आली की रोप हलवायचं. पण त्याआधी आठवडाभर रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवायचं, नाहीतर सावलीतलं रोप पहिल्याच दुपारी मान टाकतं. लावताना खालची पानं काढून खोडही मातीत खोल गाडा. टोमॅटोच्या खोडाला मुळ्या फुटतात, झाड पक्कं होतं.

कुंडीत लावणार असाल तर आमच्यासारखी नुसती काळी माती भरू नका. ओली झाली की चिखल, सुकली की भेगा. निम्मं शेणखत आणि कोकोपीट मिसळा. आधाराला मी तुऱ्हाटी रोवली. तुरीचं रान जवळ असताना बांबू कशाला विकत आणायचा?

डिसेंबरात फळं काळी झाली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, “अवं मा, हे टमाटे करपले का?” मी ऐटीत एक कापून दाखवला. आत लाल! काळेपणा फक्त सालीतच.

आता हा काळा येतो कुठून? जांभळाला, वांग्याच्या सालीला जो रंग असतो ना, अँथोसायनिन, तोच हा. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत जिम मायर्स यांनी रानटी टोमॅटोंशी नेहमीच्या पद्धतीने संकर करून ‘इंडिगो रोज’ नावाची जात 2012 साली बाहेर आणली, तिथून हे काळे टोमॅटो घरोघरच्या बागांत पोचले. ‘ब्लॅक क्रिम’सारख्या जुन्या जाती वेगळ्या. त्यांच्यात पिकल्यावरही हिरवा रंग शिल्लक राहतो, तो लालात मिसळतो आणि फळ तपकिरी-काळपट दिसतं.

अँथोसायनिनची गंमत अशी की त्याला ऊन लागतं. जिथे ऊन पोचत नाही तिथे काळा रंग नाही. देठाची टोपी उचलून बघा, खाली काळं नसतं. मी एका हिरव्या फळावर चक्क टिकली लावली. पिकल्यावर काढली तर काळ्या सालीवर लाल गोल! आई म्हणाली, टमाट्याचं लग्न लावलं का?

आमच्याकडे रंगाची नवलाई तशी नवी नाही. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? तेव्हा आम्ही गाडी काढून वीस मिनिटांत पाहून आलो होतो. खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग कॅरोटिनॉइड कुळातला, म्हणजे आपल्या साध्या लाल टोमॅटोच्या रंगाचा नातेवाईक. काळा मात्र दुसऱ्याच घरचा.

बरं, आता चूक. म्हणजे दोन चुका.

पहिली: मी चांगल्या झाडाच्या बिया धरल्या आणि पुढच्या वर्षी चाळीस रोपं केली. पंधरा रुपयाला एक, सगळी विकली. जानेवारीत लोक यायला लागले. कुणाची फळं अर्धी काळी, अर्धी लाल. ते समजण्यासारखं होतं, झाडं भिंतीच्या सावलीत होती. पण अकरा जणांकडे पार लाल, नेहमीचेच टोमॅटो! भर उन्हात! माझं पाकीट हायब्रिडचं असणार, आणि हायब्रिडच्या बियांतून तसंच झाड येईल याची खात्री नसते. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं परागीकरण करतं, त्यामुळे सरळ जातीच्या बिया धरता येतात. पण ती सरळ जात आहे हे आधी माहीत हवं ना! अकरा जणांचे पैसे परत केले. एकाने घेतले नाहीत, म्हणाला टमाटे तर खाल्लेच की.

दुसरी चूक पैशांनी फिटणारी नव्हती. रोपं खपावीत म्हणून मी स्टेटसला टाकलं होतं, ‘काळे टोमॅटो, शुगर आणि कॅन्सरवर गुणकारी.’ कुठल्यातरी व्हिडिओतून उचललेलं. त्याच काकूंनी दोन रोपं नेली होती. फेब्रुवारीत त्यांना चक्कर आली, दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर तीनशेच्या वर. त्यांनी महिनाभर गोळी बंद ठेवली होती. मी भेटायला गेले तर त्या माझ्यावर रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुह्याच तं मोबाईलवर वाचलं मी.”

त्या रात्री मी पहिल्यांदा शोधलं की हा कॅन्सरचा दावा आला कुठून. 2008 साली इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या कॅथी मार्टिन यांच्या गटाने एक अभ्यास छापला होता. त्यांनी टोमॅटोत दुसऱ्याच फुलझाडाची जनुकं घातली होती. ते फळ आतूनही जांभळं. ते खाऊ घातलेले, कॅन्सर होण्याची प्रवृत्ती असलेले उंदीर जास्त जगले. उंदीर! माणसं नाहीत, आणि टोमॅटोही माझा नाही. शुगरची गोळी बंद करा असं तर त्यात कुठेच नाही. माझा टोमॅटो म्हणजे भाजी. चांगली भाजी, पण भाजी.

स्टेटस चोवीस तासांत उडतं, म्हणून मी ज्यांना ज्यांना रोपं दिली त्यांना फोन केले. चाळीस रोपं, सव्वीस घरं. लाज वाटत होती, पण केले. आणखी एका घरी आजोबांनी गोळी अर्धी केली होती. त्यांच्या सुनेने लगेच डॉक्टरांकडे नेलं.

काकू आता बऱ्या आहेत. गोळी वेळेवर घेतात. यंदा त्यांना रोप देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, दे, पण लालच दे बाप्पा, ते पिकलं का नाही ते तरी समजते. त्यांचंही खरं आहे. काळा टोमॅटो पिकला की चमक जाते आणि बुडाची हिरवी बाजू लालसर होते, तेवढी खूण बघून तोडायचा. मी त्यांच्यासाठी चार लाल रोपं वेगळी ठेवली आहेत, मच्छरदाणीखाली. रविवारी नेऊन देते.